तृणधान्यांच्या संकरित रोपांतील गुणसूत्रबदल आणि ऊती संवर्धन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वेगळ्या जातींच्या तृणधान्यांचा संकर करून त्याची रोपे ऊती संवर्धनाने (टिश्यू कल्चरने) वाढवली, तर अनेक रोपांत गुणसूत्रांची संख्या किंवा घडण बदललेली आढळते. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी, बियाणे क्षेत्रातील मंडळी आणि जिज्ञासू शेतकरी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः गहू आणि राय यांच्या संकराची घेतली आहेत, कारण या संकरावर सर्वांत बारकाईने काम झाले आहे.

राय हे धान्य आपल्याकडे पिकतही नाही. मग गव्हाचा त्याच्याशी संकर कशासाठी करायचा?

राय हे उत्तर आणि पूर्व युरोपातील थंड हवेचे, हलक्या व आम्लधर्मी जमिनीतही तग धरणारे पीक आहे. गव्हात जे जनुक दुर्मीळ आहेत किंवा मुळीच नाहीत, असे रोग व किडींना प्रतिकार करणारे जनुक त्यात आहेत, आणि पैदासकाराला हवे असतात ते हेच. रायच्या पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्यावर काळा, पिवळा आणि तपकिरी हे तिन्ही तांबेरे व भुरी यांना प्रतिकार करणारे जनुक शेजारीशेजारी आहेत. ही भुजा गव्हाच्या 1बी या गुणसूत्राला जोडली गेलेले वाण जगभर पसरले. 1995 मध्ये प्रसारित झालेला आणि पंजाब-हरियाणात अनेक वर्षे मोठ्या क्षेत्रावर घेतला गेलेला पीबीडब्ल्यू 343 हा वाण त्यांतलाच. ही भुजा गव्हात ऊती संवर्धनाने आलेली नाही, नेहमीच्या संकरातून आली आहे. पण परक्या गुणसूत्राचा एक तुकडा किती मोलाचा असू शकतो, हे तिच्यावरून कळते. तसे आणखी तुकडे मिळवायचे कसे, या प्रश्नातूनच पुढचे सगळे संशोधन उभे राहिले.

गहू आणि राय यांच्या संकरित रोपात किती गुणसूत्रे असतात?

पोळीसाठी वापरल्या जाणाऱ्या सामान्य गव्हात 42 गुणसूत्रे असतात आणि ती ए, बी व डी या तीन संचांची असतात. रायमध्ये 14 असतात. गव्हाकडून 21 आणि रायकडून 7 अशी मिळून पहिल्या पिढीच्या संकरित रोपात 28 गुणसूत्रे येतात. या 28 पैकी बहुतेक एकालाही जोडीदार नसतो. त्यामुळे अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे पराग व बीजांड तयार होतानाच्या विभाजनात, ती एकेकटी भरकटतात, कार्यक्षम पराग तयार होत नाहीत आणि रोप जवळजवळ वांझ राहते. कोल्चिसिन हे रसायन देऊन गुणसूत्रे दुप्पट केली की 56 गुणसूत्रांचे प्रजननक्षम रोप मिळते. यालाच अष्टगुणित ट्रिटिकेल म्हणतात. शेतात घेतले जाणारे ट्रिटिकेल मात्र बहुतांशी षट्गुणित, म्हणजे 42 गुणसूत्रांचे असते आणि त्यात गव्हाचा डी संच नसतो.

गव्हाची आणि रायची गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण का करत नाहीत?

गव्हाच्या 5बी या गुणसूत्रावर पीएच1 नावाचे जनुकस्थान आहे. त्याचा शोध 1958 मध्ये इंग्लंड आणि अमेरिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे लावला. हे स्थान शाबूत असेपर्यंत अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्र फक्त आपल्या तंतोतंत जोडीदाराशीच जुळते. नात्याने जवळच्या, पण परक्या गुणसूत्राला ते दाद देत नाही. गव्हाची प्रजननक्षमता टिकून राहण्यासाठी ही शिस्त आवश्यक आहे, पण रायचा तुकडा गव्हात आणू पाहणाऱ्या पैदासकाराची वाट याच शिस्तीने अडते. पीएच1 नसलेली गव्हाची वाणे वापरणे किंवा क्ष-किरणांनी गुणसूत्रे तोडणे हे त्यावरचे दोन जुने उपाय आहेत. ऊती संवर्धन हा तिसरा मार्ग ठरला, कारण त्यात गुणसूत्रे तुटून पुन्हा जोडली जातात ती साध्या सूत्री विभाजनाच्या, म्हणजे वाढीसाठी होणाऱ्या पेशीविभाजनाच्या वेळी, आणि तेथे पीएच1 च्या पहाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

संकरित रोप वाढवण्यासाठी ऊती संवर्धन नेमके कोठे लागते?

दोन टप्प्यांवर, आणि या दोहोंत गल्लत करू नये. पहिला टप्पा भ्रूण वाचवण्याचा. गव्हाच्या ओंबीतील पुंकेसर काढून टाकून तिच्यावर रायचा पराग टाकला, की काही दाणे धरतात; पण दाण्यातील पोषक भाग नीट वाढत नाही आणि भ्रूण उपाशी मरण्याची भीती असते. म्हणून परागीकरणानंतर साधारण दोन ते अडीच आठवड्यांनी भ्रूण काढून पोषक माध्यमावर ठेवतात. त्यातून थेट रोप उगवते. अशा रोपात गुणसूत्रबदल सहसा आढळत नाहीत.

दुसरा टप्पा कॅलसचा. तोच कोवळा भ्रूण, बीजदलाची बाजू वर ठेवून, 2,4-डी हे संप्रेरक मिसळलेल्या माध्यमावर अंधारात ठेवला, तर रोपाऐवजी पेशींचा बेशिस्त गोळा, म्हणजे कॅलस, तयार होतो. गोळ्याचा पांढरट, घट्ट व गाठाळ भाग पुढे रोपे देतो, तर पाणचट आणि अर्धपारदर्शक भाग बहुधा वाया जातो. नंतर 2,4-डी कमी करून किंवा काढून टाकून प्रकाशात ठेवले, की हिरवे कोंब फुटतात. या लेखातील गुणसूत्रबदलांची चर्चा प्रामुख्याने या दुसऱ्या टप्प्याची आहे.

अशा रोपांत कोणकोणते बदल दिसतात?

ढोबळमानाने संख्येचे आणि घडणीचे असे दोन प्रकार होतात. संख्येच्या बदलात एखादे गुणसूत्र कमी किंवा जास्त होते, क्वचित संपूर्ण संच दुप्पट होतो, तर कधी एकाच रोपाच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी संख्या आढळते. घडणीच्या बदलात गुणसूत्राचा तुकडा गळतो, एखादा भाग दुणावतो, एका भुजेचीच गुणसूत्रे तयार होतात किंवा एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. या शेवटच्या प्रकाराला स्थानांतरण म्हणतात.

हे संकरातच घडते असे नाही. 1984 मध्ये कार्प आणि मॅडॉक यांनी गव्हाच्या चार शुद्ध वाणांच्या कोवळ्या भ्रूणांपासून वाढवलेली रोपे तपासली, तेव्हा सुमारे 29 टक्के रोपांत गुणसूत्रांची संख्या 42 पेक्षा कमी-अधिक निघाली. ओट या पिकातही अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1982 मध्ये असेच काम झाले आणि तेथे गुणसूत्राचा काही भाग गळून जाण्याचे प्रमाण मोठे आढळले. गहू-राय संकराच्या बाबतीत 1984 मध्ये लापितान, सिअर्स आणि गिल यांनी अमेरिकेतील कॅन्सस येथे केलेले काम मूलभूत मानले जाते. कॅलसपासून वाढवलेल्या त्यांच्या रोपांत गहू व राय यांच्या गुणसूत्रांमधील स्थानांतरणे, गळालेले तुकडे आणि रायच्या गर्द रंगणाऱ्या पट्ट्यांची वाढ, असे तिन्ही प्रकारचे बदल आढळले. स्थानांतरणांची नोंद सर्वांत महत्त्वाची होती, कारण पीएच1 जी देवाणघेवाण होऊ देत नाही, तीच येथे क्ष-किरणांशिवाय झालेली होती.

हे बदल मुळात का होतात?

एकच कारण सांगता येत नाही. तरी जे उलगडले आहे ते असे : निरोगी रोपाच्या वाढत्या टोकावर पेशींचे विभाजन कडक नियंत्रणाखाली चालते, गुणसूत्रांची प्रत पूर्ण झाल्याशिवाय पेशी विभागत नाही आणि चूक झालेली पेशी बहुधा मागे पडते. कॅलसमध्ये संप्रेरकाच्या रेट्याखाली पेशी घाईने आणि कोणत्याही अवयवाच्या आराखड्याशिवाय विभागतात. गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे तर्कुतंतू नीट बसत नाहीत, त्यामुळे एखादे गुणसूत्र मागे राहते आणि स्वतंत्र छोट्या केंद्रकात अडकून नष्ट होते. कधी गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी विभागतच नाही. संख्येतील बहुतेक बदल या दोन वाटांनी येतात.

घडणीतील बदलांचे स्पष्टीकरण अधिक रोचक आहे. रायच्या गुणसूत्रांच्या टोकांना हेटेरोक्रोमॅटिनचे, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचे, मोठे गठ्ठे असतात. या भागातील डीएनएची प्रत सर्वांत शेवटी तयार होते. गव्हाच्या पेशीत, गव्हाच्या वेळापत्रकानुसार विभाजन सुरू झाले, तर रायच्या टोकांचे काम अर्धवट राहू शकते. मग दोन अर्धी गुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जात असताना टोकाशी एकमेकांत अडकून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य स्पष्ट दिसते : दोन्ही बाजूंना गुणसूत्रांचे दोन घोळके आणि त्यांच्यामध्ये ताणलेला एक बारीक, गर्द रंगाचा पूल. ताण असह्य झाला की पूल तुटतो, तोही दर वेळी त्याच जागी नाही. तुटलेले उघडे टोक दुसऱ्या उघड्या टोकाला चिकटते आणि त्यातून स्थानांतरण तयार होऊ शकते. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात तुटणे, जुळणे आणि पुन्हा पूल होणे हे चक्र याआधी कितीतरी वर्षे दाखवून दिले होते.

फिरत्या जनुकांचाही, म्हणजे गुणसूत्रांवर एका जागेवरून दुसरीकडे जाऊन बसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचाही, यात हात असतो. मक्याच्या ऊती संवर्धित रोपांत सुप्त अवस्थेतील फिरता जनुक जागा झाल्याचे 1987 मध्ये सिद्ध झाले, तर भातातील टॉस17 हा घटक संवर्धनात सक्रिय होऊन नव्या जागी जाऊन बसतो, हे 1996 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. अशा बदलांत गुणसूत्रांची संख्या किंवा आकार बदलत नाही, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत.

सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात ते हेच का?

होय, पण त्या संज्ञेचा आवाका मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी 1981 मध्ये ती रूढ केली. ऊती संवर्धनातून येणारी विविधता, मग ती गुणसूत्रांतील असो, एखाद्या जनुकातील असो किंवा जनुकाच्या केवळ चालू-बंद अवस्थेतील असो, सर्व तिच्यात येते.

संवर्धन जितके लांबेल तितके बदल वाढतात का?

साधारणपणे होय. कॅलस महिनोन्महिने नव्या माध्यमावर हलवत राहिले, तर बदललेल्या पेशींचे प्रमाण वाढत जाते आणि रोपे देण्याची क्षमता घटते. 2,4-डी ची मात्रा आणि मूळ वाण यांचाही परिणाम होतो, आणि माझ्या मते वाणाचा परिणाम प्रयोगाच्या आखणीत बहुतेक वेळा कमी लेखला जातो. एकाच माध्यमावर एक वाण स्थिर राहतो आणि दुसऱ्याची संख्या विस्कटते. म्हणून एका वाणावरून सर्व गव्हाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही.

कॅलसमध्ये दिसलेले सर्व बदल रोपांत येतात का?

नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. सातू आणि त्याची एक रानटी भाऊबंद जात यांच्या संकरावर 1980 मध्ये ऑर्टन यांनी काम केले, तेव्हा कॅलसमधील पेशींत गुणसूत्रांची संख्या जेवढी विस्कळीत होती, तेवढी त्यापासून उगवलेल्या रोपांत नव्हती. कोंब फुटण्यासाठी पेशींना एकमेकींशी सुसूत्र वागावे लागते आणि फार बिघडलेल्या पेशी तेथेच मागे पडतात. म्हणून केवळ कॅलस तपासून रोपांविषयी बोलू नये. त्याचप्रमाणे, कुंडीत जोमाने वाढलेले रोप गुणसूत्रांच्या दृष्टीने निर्दोष असेल असेही धरून चालू नये. ए, बी व डी हे तीन संच जोडीने असलेला गहू एखाद्या गुणसूत्राची उणीव सहज सोसतो, कारण उरलेल्या संचांतील नातेवाईक गुणसूत्रे तिची बरीचशी भरपाई करतात. चौदाच गुणसूत्रे असलेल्या सातूला ते परवडत नाही.

रोपे तपासायची कशी?

कुंडीतील रोपाची नवी, पांढरी मुळे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब असताना खुडावीत आणि बर्फाच्या पाण्यात चोवीस तास ठेवावीत. थंडीने तर्कुतंतू विस्कटतात, गुणसूत्रे आखडतात आणि विभाजन मोजण्याजोग्या अवस्थेत थांबते. त्यानंतर तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ती स्थिर करावीत. तपासताना मुळाचे टोक ऊन हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे मऊ करून, रंगवून, अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवावे आणि आच्छादक काच सुईच्या टोकाने हलके ठोकून पेशी पसरवाव्यात. शेवटचा अंगठ्याचा दाब सरळ खाली द्यावा लागतो. काच जरा सरकली, की गुणसूत्रे एकमेकांवर गुंडाळली जातात आणि 42 ची संख्या 40 वाटू लागते. एका पेशीवर कधीच विसंबू नये. एकाच रोपाच्या अनेक मुळांतील अनेक पेशी मोजल्याशिवाय मिश्र संख्येचे रोप ओळखता येत नाही.

बेचाळीस गुणसूत्रे मोजली म्हणजे रोप ठीक आहे, असे समजावे का?

समजू नये. या क्षेत्रात सर्वांत जास्त दिशाभूल याच समजुतीने होते. गव्हाचे एक गुणसूत्र गळून त्याच्या जागी रायचे एक आले, तरी बेरीज 42 च राहते. तुकडा इकडून तिकडे गेला, तरीही 42 च राहते. गहू-राय संकराची 28 गुणसूत्रे आणि आपल्या खपली गव्हाची 28 गुणसूत्रे यांची संख्या सारखी असली तरी घडण वेगळी आहे, कारण खपलीत ए आणि बी हे दोनच संच जोडीने असतात, तर संकरात ए, बी, डी आणि रायचा असे चार संच एकेकटे असतात.

म्हणून मोजणीनंतर घडण पाहावी लागते. गिम्सा रंजकाने पट्टे उठवण्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि रायसाठी फार उपयुक्त आहे, कारण रायच्या टोकांचे गर्द पट्टे लगेच ओळखू येतात. जिनोमिक इन सीटू हायब्रिडायझेशन, म्हणजेच जीआयएसएच, या पद्धतीत रायचा संपूर्ण डीएनए चकाकणारे रंगद्रव्य जोडून शोधक म्हणून वापरतात. गव्हाच्या गुणसूत्रावर रायचा तुकडा बसला असेल, तर तेवढाच भाग वेगळ्या रंगात चमकतो आणि जोड कोठे आहे हेही दिसते. डीएनए खुणांच्या चाचण्या स्वस्त व जलद असल्या, तरी ज्या जागी खूण नाही तेथील बदल त्यांना कळत नाही. माझ्या मते खुणा मोठ्या चाळणीसाठी वापराव्यात आणि निवडलेल्या प्रत्येक रोपाची गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहावीत.

या बदलांचा प्रत्यक्ष उपयोग कधी झाला आहे का?

झाला आहे. हेसियन माशी ही अमेरिकेतील गव्हाची जुनी कीड आहे. तिची अळी पानाच्या आवरणाखाली खोडाशी बसून रस शोषते आणि फुटवे खुंटतात. ‘शोपाँ’ या रायमध्ये तिला प्रतिकार होता. कॅन्सस येथे गव्हाचा या रायशी संकर करून कॅलसपासून रोपे वाढवली गेली. त्यांच्या संततीत गव्हाच्या 2बी गुणसूत्राची आखूड भुजा आणि रायच्या 2आर गुणसूत्राची लांब भुजा एकत्र जोडली गेलेली ओळ सापडली. तिच्यातील प्रतिकारक जनुकाला एच21 असे नाव आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. मावा किडीमार्फत पसरणारा पिवळा खुजा विषाणू गव्हाचे मोठे नुकसान करतो आणि गव्हात त्याला चांगला प्रतिकार नव्हता. थिनोपायरम इंटरमीडियम या रानगवतात तो होता. या गवताचे एक जादा गुणसूत्र असलेल्या गव्हाचे ऊती संवर्धन केल्यावर कॅनबेरा येथील संशोधकांना गवताचा छोटा तुकडा गव्हाच्या 7डी गुणसूत्राच्या टोकाला जोडली गेलेली रोपे मिळाली. या जनुकाचे नाव बीडीव्ही2. हे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, कारण तुकडा जितका लहान, तितके त्याच्याबरोबर येणारे नको असलेले जनुक कमी.

परक्या तुकड्याबरोबर तोटेही येतात का?

येतात. रायच्या पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर तांबेऱ्याच्या प्रतिकाराबरोबरच रायच्या प्रथिनांचे जनुकही आहेत. त्यामुळे पाव करताना कणीक चिकट होण्याची आणि ग्लुटेनचा ताण कमी पडण्याची तक्रार असते. शिवाय प्रतिकार कायमचा नसतो. याच भुजेवरील एसआर31 या जनुकाला दाद न देणारी काळ्या तांबेऱ्याची प्रजाती 1998-99 मध्ये युगांडात आढळली आणि युजी99 या नावाने ओळखली जाऊ लागली.

बदल पुढच्या पिढीत टिकतो का?

ते बदलावर अवलंबून आहे. जोडीदार नसलेले सुटे गुणसूत्र दर पिढीत गळत जाते. स्थानांतरण दोन्ही जोडीदारांत आले, म्हणजे समयुग्मी झाले, की ते स्थिर राहते. म्हणून कॅलसपासून मिळालेल्या पहिल्या रोपाला फारसे महत्त्व न देता त्याची संतती ओंबीवार वेगळी पेरावी, प्रत्येक पिढीत गुणसूत्रे पाहावीत आणि गव्हाशी पुनर्संकर करून अनावश्यक बदल काढून टाकावेत. काही बदल तर केवळ संवर्धनाच्या ताणाने आलेले असतात आणि बियाण्यातून पुढे जातच नाहीत.

गव्हावर मक्याचा पराग टाकून रोपे तयार करतात, त्यांतही असेच बदल होतात का?

ती वेगळी गोष्ट आहे. तेथे फलन होते, पण पहिल्या काही पेशीविभाजनांतच मक्याची गुणसूत्रे बाहेर पडतात आणि फक्त गव्हाची 21 उरतात. भ्रूण वाचवून, कोल्चिसिनने गुणसूत्रे दुप्पट करून एका झटक्यात शुद्ध ओळ मिळते. सातूत असेच तंत्र काशा आणि काओ यांनी 1970 मध्ये हॉर्डियम बल्बोसम या रानटी सातूच्या साहाय्याने दाखवले, तर पालमपूर येथील कृषी विद्यापीठाने गव्हासाठी इम्पेराटा सिलिंड्रिका या गवताचा पराग वापरला. या पद्धतींत कॅलसची अवस्था टाळली जाते, म्हणून रोपे बरीच स्थिर असतात.

मग टिश्यू कल्चर केळीच्या रोपांवर विश्वास ठेवावा की नाही?

केळीची रोपे कोंबाच्या टोकापासून वाढवतात, कॅलसपासून नाही. तेथे पेशींची मूळ शिस्त बऱ्याच अंशी टिकून राहते. तरीही एकाच टोकापासून फार वेळा गुणन केले, तर खुजी किंवा विचित्र पानांची झाडे वाढतात. म्हणून गुणनाच्या फेऱ्यांवर मर्यादा घालणाऱ्या प्रमाणित प्रयोगशाळेकडूनच रोपे घ्यावीत.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने सरावाची सुरुवात कशाने करावी?

थेट गहू-राय संकराने करू नये. रायचे बियाणे मिळवणे, फुलोऱ्याच्या तारखा जुळवणे आणि भ्रूण वाचवणे यांतच पहिला हंगाम जातो. त्याऐवजी खपली आणि सामान्य गहू यांचा संकर करावा. दोन्हींचे बियाणे सहज मिळते, रब्बीत दोन्ही एकत्र येतात आणि दाणे बहुधा भ्रूण न काढताही रुजतात. या संकरित रोपात 14 आणि 21 मिळून 35 गुणसूत्रे असतात. कोवळ्या ओंबीतील परागकोषात अर्धगुणसूत्री विभाजन पाहिले, तर ए व बी संचांच्या 14 जोड्या आणि डी संचाची 7 एकटी गुणसूत्रे दिसतात. ही 7 गुणसूत्रे मागे रेंगाळताना, कधी मधोमध दुभंगताना आणि छोट्या केंद्रकांत अडकताना ओळखू येऊ लागली, की मग त्याच संकराच्या कोवळ्या भ्रूणांपासून कॅलस करावा आणि संवर्धनाने त्यात आणखी काय बदलले, ते मूळ रोपाशी ताडून पाहावे. अशी तुलना करण्यासाठी संवर्धन न केलेली त्याच संकराची रोपे शेजारी लावलेली असणे अनिवार्य आहे, कारण ती नसतील तर कोणता बदल संकराचा आणि कोणता संवर्धनाचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.